ख्रिस्ती सिद्धांतासाठी फक्त बायबल पुरेसं आहे का?

तारणासाठी, म्हणजे पापापासून सुटकेसाठी, पुरेसं आहे, असं मी मनापासून मानतो. पण ‘फक्त’ या शब्दाशी मी अडखळतो. बायबलची अनुक्रमणिका उघडा. नव्या करारात २७ पुस्तकं. ही यादी कोणत्या वचनात आहे? कुठेच नाही. नेमकी हीच २७ नावं अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने इ.स. ३६७ च्या पत्रात दिली, म्हणजे ती मंडळीच्या (चर्चच्या) परंपरेतून आली. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३, हा फरकही परंपरेतूनच आला. २ तीमथ्य ३:१६ शास्त्रलेख उपयोगी म्हणतं, तर २ थेस्सलनी २:१५ मध्ये प्रेषित पौल तोंडी शिकवणही धरून ठेवायला सांगतो. तरी परंपरा शास्त्राच्या विरुद्ध गेली, तर मी शास्त्राचंच ऐकेन. १५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरातल्या सभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचसाठी उभा राहिला होता.