‘शेमीज’ म्हणजे आपली ‘शमीज’ का?

प्रश्न असा आहे : फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतच्या काळातल्या पोशाखांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘शेमीज आ ला रेन’ला ‘राणीची शमीज’ म्हणावं का?

म्हणू नये. शब्द मुळात एकच. इंग्रजीमार्फत आपल्याकडे येऊन तो ‘शमीज’ झाला. पण मराठी वाचकाला दिसणार ती फ्रॉकच्या आत घालायची बिनबाह्यांची शमीज, आणि हा तर वरून घालायचा, लांब बाह्यांचा पायघोळ झगा.

गोंधळ फ्रेंचमध्येच आहे. तिथे नुसती ‘शेमीज’ म्हणजे अंगालगतचं वस्त्र : पांढऱ्या लिननचं, साधारण गुडघ्यापर्यंत, घेरासाठी बाजूंना तिरक्या कळ्या, हात उचलताना उसवू नये म्हणून काखेत चौकोनी तुकडा. त्यावर काड्या घातलेली ताठ चोळी, मग परकर, मग रेशमी झगा. चोळी आणि रेशीम धुण्याजोगं नसे, म्हणून घाम टिपायचा आणि पुन्हापुन्हा धुतलं जायचं ते या शेमीजनं. या वस्त्राला ‘शमीज’ चालेल. मात्र याला बाह्या असत, हे एकदा सांगून टाका.

‘शेमीज आ ला रेन’ १७८०च्या सुमाराची. तलम मलमलीचे सरळ पन्हे जोडायचे, गळ्याशी आणि कमरेशी नेफे शिवून नाड्या ओवायच्या, गळ्याला झालर, कमरेला रुंद रेशमी पट्टा. आकार येतो तो कापणीतून नव्हे, नाडी आवळून पडलेल्या चुण्यांतून. आत चोळी बहुधा असेच, त्यामुळे ‘सैल झगा’ लिहिताना जपून. सैल आहे ते वरचं कापड. अशी मलमल हिंदुस्थानातून जायची, आणि फ्रान्समधल्या लियों शहरातल्या रेशीमवाल्यांना ही फॅशन खुपत होती.

चित्रकार एलिझाबेथ व्हिजे-लब्रंनी याच पोशाखात रंगवलेलं राणीचं चित्र १७८३च्या पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनात लागलं. राणी आतल्या कपड्यांत बसली आहे अशी ओरड झाली, चित्र उतरवावं लागलं, आणि त्याजागी रेशमी झग्यातलं चित्र आलं. या ओरडीचा सगळा रोख ‘शेमीज’च्या दोन अर्थांवर आहे, म्हणून इथे तरी मूळ शब्द ठेवाच. पहिल्यांदा येईल तिथे ‘शेमीज, म्हणजे मलमलीचा नाडीदार झगा’ एवढं पुरे.

मुलांच्या कपड्यांना मात्र ‘फ्रॉक’ खुशाल वापरा. पांढरी मलमल आणि रंगीत कमरपट्टा हा वेश लहान मुलींच्या अंगावर बायकांच्या आधी आला. विचारवंत रूसोनं १७६२च्या ‘एमिल’ या पुस्तकात तान्ह्या बाळांना करकचून गुंडाळण्यावर आणि तंग कपड्यांवर कोरडे ओढले होते, त्याचाही यात वाटा आहे. फक्त चित्रात फ्रॉक दिसला की ‘मुलगी’ लिहू नका : अगदी लहान मुलगेही झगेच घालत. पुढे त्यांना आखूड जाकिटाला बटणांनी जोडलेली लांब विजार मिळे, फ्रेंचमध्ये ‘मातलो’, म्हणजे खलाशी. तिला ‘तुमान’ म्हणू नका. गुडघ्याशी संपणारी तुमान तेव्हा त्यांचे वडील घालत होते.