फोटो छान, मग मार्क कमी का?

प्रश्न : मी अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फोटोग्राफी हा विषय घेतलाय. लग्नाच्या ऑर्डर मिळतात, लोक फोटोंचं कौतुक करतात. पण वर्गात काचेच्या बाटलीच्या असाइनमेंटला २५ पैकी ११ मिळाले. मैत्रिणीचा फोटो अगदी साधा, तिला १८. सर म्हणाले, ‘‘फोटो छान आहे, पण असाइनमेंट झालेली नाही.’’ सरांचा माझ्यावर राग आहे का? कोर्स सोडून पूर्णवेळ धंदा करू का?

उत्तर : तू पाठवलेला फोटो आणि असाइनमेंटचा कागद, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. फोटो खरंच देखणा आहे. पण कागदावर स्पष्ट लिहिलंय : बाटली एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या पार्श्वभूमीवर, कडा फक्त लाइटिंगने उठल्या पाहिजेत, सोबत रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, फेरफार न केलेली फाइल), कॉन्टॅक्ट शीट (काढलेल्या सगळ्या फ्रेम ओळीने छोट्या आकारात छापलेला कागद) आणि लाइटिंगची आकृती. तू एकच जेपेग दिलीस आणि कडा फोटोशॉपमध्ये रेखाटल्यास. यात राग कुठे आला?

ही असाइनमेंट काय शिकवते बघ. काच स्वतः दिसत नाही; तिच्यात उमटणारा आणि तिच्यातून वाकून येणारा उजेड दिसतो. मागे पांढरं लख्ख ठेवून फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळी कार्डं उभी केली की बाटलीच्या कडा काळ्या रेघेसारख्या उमटतात. काळ्या पार्श्वभूमीवर याच्या उलट : मागच्या बाजूने दोन्हीकडून उजेड द्यायचा, मग कडा उजळतात. कार्ड दोन बोटं पुढे सरकवलं की रेघेची जाडी बदलते. हे सगळं कॉन्टॅक्ट शीटवर फ्रेममागून फ्रेम दिसतं. उदाहरणार्थ, पहिल्या चार फ्रेममध्ये काचेवर सॉफ्टबॉक्सचा (उजेड मऊ करणाऱ्या, कापड लावलेल्या लाइटच्या पेटीचा) चौकोन चमकतोय, पाचवीत तो गेला, आठवीत कड आली. सर मार्क देतात ते या प्रवासाला. मैत्रिणीचं शीट मी पाहिलेलं नाही, पण तिच्या १८ मार्कांचं कारण तिथेच सापडेल असं मला वाटतं.

लग्नात सजावट, दागिने, माणसांचे चेहरे तुझ्या मदतीला असतात. क्षण पकडायची तुझी नजर तयार आहे, ती वाया जाणार नाही. पण उद्या एखाद्या एजन्सीत अत्तराच्या बारा बाटल्या समोर येतील, बाराही फोटोंत कडा सारख्या हव्या असतील आणि क्लायंट पाठीशी उभा असेल. तिथे ‘तो फोटो छान आला होता’ एवढ्याने भागत नाही. तो परत तसाच काढता यायला लागतो.

आता दुसरी बाजू. २५ मार्कांची फोड कागदावर कुठेच नाही, आणि ही उणीव तुझी नाही. लाइटिंगला किती, शीटला किती, वेळेत देण्याला किती, हे आधी सांगणं शिक्षकांचं काम आहे. ‘मजा नाही आली’ म्हणून मार्क देणारे शिक्षकही असतात, ते मला मुळीच पटत नाही. तुझ्या सरांनी निदान कारण तरी सांगितलं. त्यांच्याकडे जा, पण ‘मार्क का कापले’ हा प्रश्न घेऊन नको. आधी ती बाटली पुन्हा लाव, शीट छापून घे, समोर ठेव आणि विचार, ‘‘सर, यात कुठली फ्रेम तुम्ही निवडली असती, आणि का?’’ मग पुढच्या असाइनमेंटची फोड माग. मोकळेपणाने विचारलंस तर बहुतेक शिक्षक ती देतात.

कोर्स मात्र सोडू नकोस. कामाच्या ठिकाणी मार्कशीटपेक्षा पोर्टफोलिओ आधी बघतात, हे खरं. पण एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसमधला फोटोग्राफी डिझाइनचा एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) असो की पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतली सिनेमॅटोग्राफी, प्रवेशालाच पदवी लागते. शिवाय कॉलेजचा स्टुडिओ, लाइट्स आणि चुका दाखवणारा माणूस आत्ता तुझ्या हाताशी आहे. बाहेर स्टुडिओ भाड्याने घेशील तेव्हा तासातासाचे पैसे मोजावे लागतील.

लग्नसराईत ऑर्डर शनिवार-रविवारच्याच घे. सबमिशनच्या आठवड्यात एकही नको. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसण्याचाच प्रश्न येतो, आणि तो सोडवणं सरांच्याही हातात नसतं.