पहिलं शिबिर घेताय ना, मग एवढं कराच

सर, दृष्टिहीन मुलांनाही वापरता येईल असं मुक्त शैक्षणिक साहित्य कसं बनवायचं हे शिकवताना अक्कलकोटच्या शिक्षकांसमोर स्लाइड्सनी सुरुवात करू नका. आधी मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करायला लावा आणि डोळे मिटून प्रत्येकाला स्वतःचीच कार्यपत्रिका ऐकू द्या. सोलापुरातल्या माझ्या पहिल्या शिबिरात एका बाईंची मराठी पीडीएफ नुसती इंग्रजी अक्षरं बडबडत सुटली. फाँट जुना होता, युनिकोड (कुठल्याही यंत्राला मराठी अक्षरं ओळखता येतील अशी प्रमाण पद्धत) नव्हता. बाई गप्पच झाल्या. दृष्टिहीन मुलाला रोज हेच ऐकावं लागतं हो! तिथल्या तिथे युनिकोडमध्ये टाइप करून घ्या, चित्रांचं वर्णन लिहून घ्या.

परवान्याचंही सांगा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे लेखकानं साहित्य वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवलेला परवाना 'बाय' (श्रेय द्या) एवढाच असेल तर श्रेय देऊन कन्नड, तेलुगू भाषांतर खुशाल करा. 'एनडी' (बदल करून वाटायला मनाई) असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही. फुकट मिळालं म्हणजे मुक्त नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.