जुनं घर पाडायचंय, मागे सिमेंटचे पत्रे आहेत, तर भरवशाचा पाडकामवाला कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की कराडजवळचं आजोबांचं घर पाडायचंय, पुढचा भाग मातीच्या भिंतींचा आणि सागवानाचा, मागच्या नंतर वाढवलेल्या खोल्यांवर सिमेंटचे पत्रे, तिघांकडून रेट घेतले तर तिघांचे आकडे कुठेच जुळत नाहीत, मग विश्वास कुणावर ठेवायचा. मी २०२२ साली साताऱ्यात जवळपास असंच घर पाडलंय. त्यात एकदा चांगलाच फसलोय आणि नंतर एक चांगला माणूसही मिळाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की पाडकामात पैसे उलटे वाहतात. घर बांधताना आपण कॉन्ट्रॅक्टरला पैसे देतो, जुनं घर पाडताना बहुतेक वेळा तोच आपल्याला देतो, कारण त्याला तुळया, खांब, दारं-खिडक्या, लोखंड, कौलं हे सगळं विकायचं असतं. त्यामुळे आपण साहजिकच जो जास्त देतो त्याच्याकडे वळतो, आणि माझी चूक तिथेच झाली. एकाने १ लाख १० हजार सांगितले, दुसऱ्याने ८५, तिसऱ्याने ६० हजार आणि वर म्हणाला पत्र्याचं काम मी करत नाही, त्याला वेगळा माणूस बघा. मी पहिल्याला काम दिलं. आता विचार करता कळतं की त्या तिघांत खरं बोलणारा तिसराच होता. माल तर तिघांसाठी तोच होता ना, मग पहिल्याला पन्नास हजार जास्त कुठून परवडत होते? माणसं कमी लावणार, टेकू लावणार नाही, जाळी बांधणार नाही, राडारोडा जवळच्या ओढ्यात रात्री ओतणार आणि पत्रे वरून घणाने फोडून खाली पाडणार, तिथून परवडत होते.

झालंही तसंच. पहिल्या तीन दिवसांत त्याने सागवान काढून टेम्पोत भरलं, अगदी व्यवस्थित, एकेक पाचर जपून काढत. चौथ्या दिवशी त्याचा एक पोरगा मागच्या पत्र्यावर चढला आणि हातोड्याने फोडायला लागला. आई खाली अंगणात उभी होती, तिच्या डोक्यावर, पदरावर ती राखाडी पांढरी भुकटी पडली आणि ती झाडू घेऊन ती झाडायला लागली. मी ओरडून काम थांबवलं. त्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणाला, साहेब, दुकानात उघड विकतात हे पत्रे, धोका असता तर सरकारने विकू दिले असते का. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही, कारण त्याचा माल तर निघाला होता. अर्ध्या उघड्या मातीच्या भिंती आणि फुटके पत्रे आमच्या गळ्यात.

त्याचा तो प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारेल म्हणून उत्तर सांगतो. आपल्याकडच्या जुन्या पन्हळी सिमेंटच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस, म्हणजे खाणीतून निघणारं तंतुमय खनिज असतं, बाकी मुख्यतः सिमेंट. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद आहेत पण बाहेरून आणून पत्रे करायला बंदी नाही, म्हणून दुकानात मिळतात. पत्रा अखंड डोक्यावर असतो तोपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. तो फोडला, कापला, ड्रिल केला, घासला की तंतू हवेत येतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, फुफ्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी बाहेर येतो, ॲस्बेस्टॉसिस (फुफ्फुसं कडक होत जाणं), फुफ्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर). म्हणून तर कुणी घाबरत नाही, आज फोडलं आणि उद्या खोकला आला असं होत नाही ना. शिवाय तीस-चाळीस वर्षं ऊनपाऊस खाल्लेला पत्रा वरून भुसभुशीत झालेला असतो, हात फिरवला तरी भुकटी येते, तो नव्यापेक्षा वाईट.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो, त्याने सांगितलं की तिकडे हे पत्रे काढायला दोन प्रकारची लायसन्स असतात आणि दहा चौरस मीटरच्या वर काम असेल तर बिनलायसन्सचा कॉन्ट्रॅक्टर हात लावू शकत नाही, काम झालं की वेगळा स्वतंत्र माणूस येऊन जागा साफ आहे का ते तपासतो. त्या देशात २००३ च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदीच आहे. आपल्याकडे घरमालकाला लायसन्स दाखवा असं विचारायची सोय नाही, त्यामुळे माणूस आपल्यालाच पारखावा लागतो.

तर मग पत्रे काढणारा माणूस शोधायचा कुठे. पाडकामवाल्यांकडे नाही, आणि भंगारवाल्यांकडे तर अजिबात नाही. एमआयडीसीत जा. कारखान्यांच्या जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे काढून रंगीत लोखंडी पत्रे टाकणारी माणसं असतात, त्यांना हे काम रीतसर करायची सवय असते, कारण मोठ्या कंपनीचा सेफ्टी ऑफिसर त्यांना तसं केल्याशिवाय गेटच्या आत घेत नाही. ओळखीतलं कुणी कंपनीत असेल तर त्याला एवढंच विचारा की तुमच्या शेडचे जुने पत्रे कुणी काढले आणि ते पुढे कुठे गेले. मला असाच एक मुकादम मिळाला, बायकोच्या भावाच्या कंपनीतून.

तो माणूस आला तेव्हा मी शिडी आणून ठेवली होती, तो चढलाच नाही. खालून, खोलीत उभा राहून त्याने पत्रे मोजले, ३४ भरले, त्यातले पाच आधीच फुटलेले. मग बॅटरी मारून एकेक हूकबोल्ट बघितला, कुठला गंजलाय, कुठला फिरेल. नळ कुठे आहे विचारलं, शेजारी गच्चीवर धान्य-पापड वाळत घालतात का ते विचारलं, घरात लहान मूल आहे का विचारलं. रेट सगळ्यात शेवटी सांगितला. पत्र्यावर पाय द्यायचा नाही हा त्याचा पहिला नियम, कारण जुना पत्रा माणसाच्या वजनाने सरळ फुटतो आणि माणूस खाली. कामाच्या दिवशी त्याने आडव्या पर्लिनवर, म्हणजे पत्रे ज्यावर टेकतात त्या दांड्यांवर, फळ्या टाकल्या, पोरांना सेफ्टी बेल्ट बांधले, आणि काम फळीवर बसून केलं.

पत्रे कसे काढले तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला समोरच्याची परीक्षा घेता येईल. आधी पाण्यात थोडी साबणाची पावडर टाकून पंपाने सगळे पत्रे भिजवले, साबणाने पाणी आत मुरतं म्हणाला. फिरणारे नट पान्याने काढले, गंजलेले बोल्टकटरने तोडले, ग्राइंडर एकदाही लावला नाही. अखंड पत्रा चौघांनी दोराने उतरवला. दहा फुटी पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, एकट्या-दुकट्याचं ते काम नाही. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यावर थप्पी, वरून पुन्हा प्लॅस्टिकचे दोन थर आणि टेप. आधीचे फुटलेले तुकडे ओले करून डबल पिशवीत. तोंडाला रुमाल किंवा ते निळे मास्क नव्हते, गोल फिल्टरवाले रबरी मास्क होते. आणि काम संपल्यावर कुणी झाडू हातात घेतला नाही, ओल्या फडक्याने पुसून ती फडकीसुद्धा पिशवीत टाकली. अंगावरचे कपडे तिथेच बदलले. आईला त्याने आधीच दिवसभर मामाकडे पाठवायला सांगितलं होतं.

म्हणून कुणीही आला की त्याला फक्त म्हणा, पत्रे कसे काढणार ते सांगा, आणि मग गप्प बसा. पाणी मारणार हे तुम्ही न सांगता त्याच्या तोंडून आलं तर पुढे बोला. काही नाही हो, अर्ध्या दिवसात पाडून देतो असं म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

पत्रे पुढे कुठे जातात हा भाग सगळ्यात अवघड आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या यादीत टाकाऊ ॲस्बेस्टॉस आहे, आणि असा कचरा पुरायला महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी खास जागा आहेत. कंपन्यांचा माल तिकडे जातो तेव्हा सोबत मॅनिफेस्ट नावाचा कागद असतो, फॉर्म १०, कुणी दिला, कुणी नेला, कुणी घेतला हे त्यावर येतं. तुमच्या मुकादमाला मॅनिफेस्ट म्हणजे काय हे माहीत आहे का एवढं विचारलं तरी माणूस कळतो. घरगुती तीस-चाळीस पत्र्यांसाठी वेगळी गाडी रांजणगावला पाठवणं महाग जातं, आमचे पत्रे बांधून त्याच्या शेडवर ठेवले आणि त्याच्या कंपनीच्या पुढच्या खेपेबरोबर, सगळं कागदावर घेऊन, गेले. मला थांबावं लागलं आणि पैसेही मोजावे लागले, लाकडाचे जे आले होते त्यातले बरेच यातच गेले. तुम्ही आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि हो, गोठ्यावर टाकायला पत्रे मागायला लोक येतात, आमच्याकडे दोघं आले होते. देऊ नका. बोल्टची जुनी भोकं जुळत नाहीत म्हणून ते पुन्हा ड्रिल करणार, तुकडे कापणार, आणि खाली त्यांचीच पोरं खेळणार.

पत्र्याशिवाय अजून कुठे ॲस्बेस्टॉस आहे तेही बघून घ्या, पावसाच्या पाण्याचे राखाडी सिमेंट पाईप, संडासचा व्हेंट पाईप, जुनी सिमेंटची टाकी, खोलीतलं सपाट शीटचं सीलिंग. नक्की करायचं असेल तर लॅबमध्ये तुकडा तपासून मिळतो, पण मी म्हणेन जुना आहे तर आहे असंच धरून चला. दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतील तर त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी, रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या शेवटी लागू झाली. तेव्हा एखादा दरवाजा आठवण म्हणून ठेवणार असाल तर घरात बसून तो ब्लोलॅम्पने जाळून किंवा कोरडा घासून रंग काढू नका. आणि सेप्टिक टँक असेल तर कुठल्याही परिस्थितीत माणूस आत उतरवायचा नाही, आतल्या वायूने काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, २०१३ च्या कायद्यानेही मनाई आहे. मैल्याचा टँकर बोलवून उपसा, मग भरून घ्या.

आता पुढच्या मातीच्या भागाबद्दल. इथे पाडकामवाल्याची परीक्षा शेजारच्या भिंतीवर होते. भिंत सामाईक असेल तर त्याला विचारा की आमच्या तुळया त्या भिंतीत घुसलेल्या आहेत, त्या कशा काढणार. सब्बल घालून उपटतो म्हणाला तर शेजाऱ्याची भिंत हलणार. चांगला माणूस तुळई भिंतीलगत कापतो, आतला तुकडा तसाच ठेवतो. वरून खाली हाच क्रम, कौलं, वासे, तुळया, मग भिंत एकेक थर, आणि मातीच्या भिंतीला जेसीबीने धक्का द्यायचा तर शेवटच्या चार-पाच फुटांना, तेही शेजार मोकळा असेल तर. पाडकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानकच आहे, आयएस ४१३०, तुमच्या इंजिनिअरला ते नाव सांगा. शेजाऱ्याच्या भिंतीचे, फरशीचे, आधीच्या तड्यांचे फोटो त्यांना बरोबर घेऊन काढून ठेवा, आम्ही काढले नव्हते आणि नंतर एका जुन्या तड्यावरून सहा महिने बोलणं बंद होतं. उघडी पडलेली मातीची भिंत पावसाच्या आत गिलावा करून झाकायची, म्हणून काम फेब्रुवारी-मार्चला सुरू करा.

व्यवहाराचं एकच सांगतो. लाकूड आधी गेलं की तुमच्या हातात काही राहत नाही. स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की सगळे पैसे माल हलायच्या आधी, आणि शेवटच्या चार तुळया व मुख्य दरवाजा राडारोडा उचलून प्लॉट साफ झाल्यावरच हलेल. दुसऱ्या वेळी मी हे केलं आणि माणूस राडारोड्याची शेवटची खेप उचलेपर्यंत थांबला. राडारोडा कुठे टाकणार ते गावाच्या नावासकट लिहायचं. मजुरांची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावर इजा झाली तर भरपाई देणारा विमा, आहे का ते विचारा, तुमच्या पत्त्यावर, त्या तारखांची, कागद हातात घेऊन वाचा. महावितरणचं कनेक्शन नुसतं मेन स्विच बंद करून नाही तर खांबावरून तोडून घ्या. पाडायची परवानगी, आणि पाडल्यावर घरपट्टीवरची नोंद बदलणं, हे नगरपालिका असो की ग्रामपंचायत, आधीच विचारून ठेवा.

तुम्ही लिहिलंय की रविवारी चौथा माणूस माप घ्यायला येणार आहे. त्याला पत्र्यावर चढू देऊ नका, कितीही म्हणाला तरी. पत्रे खालून, खोलीतून मोजता येतात.