बिनइंजेक्शनाचं बाळंतपण हवं असेल तर आधी लेबर रूमच्या सिस्टरना भेटा

ताई, तुम्ही लिहिलंय की आठवा महिना लागलाय, कळांचं दुखणं कमी करायचं कंबरेतलं इंजेक्शन (एपिड्युरल) नको आहे, डॉक्टर हो म्हणाल्यात, आता आणखी काय तयारी करू? वाचून पोटात कालवलं. मीही अशीच निर्धास्त होते.

श्वासाचे व्यायाम तुम्ही करतच असाल. मी माझी चूक सांगते. सगळं डॉक्टरांशी बोलले, सिस्टरना एकदाही भेटले नाही. डॉक्टर येऊन तपासून जातात, कळांचे तास काढायचे असतात सिस्टरांसोबत. मुंबईतल्याच एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) गर्भाशयाचं तोंड तीन सेंटीमीटर उघडलं होतं तेव्हाच मला उताणं झोपवलं, सलाइन लावलं, नवऱ्याला बाहेर काढलं. का, तर 'नियम आहे'. केस पेपरवर काहीच लिहिलेलं नव्हतं, भांडणार कशाच्या जोरावर? कंबर नुसती फाटत होती. सहा तास.

रात्री ड्युटी बदलली. नव्या सिस्टरनी आधी कुशीवर वळवलं. प्रत्येक कळेला माकडहाडाच्या जरा वर तळहाताने जोरात दाबून धरलं, मधल्या वेळात शेक दिला, मग धरून चालवलं. कळा तेवढ्याच होत्या, पण सोसवत होत्या. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

नंतर वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनांत सोबतीला आपलं माणूस, चालणं, मालीश, शेक हे सगळं आहे. सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत घेण्याची सूचना तर केंद्राने २०१६ मध्येच काढली. मी लाड मागत नव्हते!

तेव्हा याच आठवड्यात लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. सोबत कोण चालेल, चालू देता का, सलाइन सरसकट लावता का, हे विचारा आणि ठरेल ते डॉक्टरांकडून केस पेपरवर लिहून घ्या. रात्री एका सिस्टरकडे तीन-चार बायका असतात, त्यांनाही दोष देववत नाही. म्हणून कंबर दाबायचं घरच्या माणसाला आत्ताच शिकवा.

मी डॉक्टर नाही. बीपी किंवा आधीचं सिझेरियन असेल तर त्यांचंच ऐका. आणि ऐनवेळी सहन झालं नाही तर एपिड्युरल खुशाल मागा, त्यात कमीपणा नाही. पण तो पर्याय तुमच्याकडे रात्रीही असतो का, हेही त्याच भेटीत विचारा.

बॅगेत शेकायची रबरी पिशवी घरचीच टाका. आमच्या वॉर्डात एकच होती, तीही गळकी.