स्टेअरिंगची खटखट

प्रश्न: माझी २००७ ची मारुती ८०० आहे, खड्ड्यात गेली की स्टेअरिंगमधून खटखट येते, मेकॅनिक म्हणतो अख्खा रॅकच (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) बदला. बदलू का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: थांबा हो, एवढी घाई नको! पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड हवाच, आणि चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) लागला तर बहुतेक टाय रॉड एंड (रॅककडून येणारा दांडा चाकाला जोडणारा टोकाचा सांधा) गेलाय, वर-खाली धरून लागला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) नाहीतर चाकाचं बेअरिंग. सांध्यावरचा रबर बूट (टोपण) फाटलाय का तेही बघा, आपल्याकडच्या पावसात तिथून चिखलपाणी आत जातं, ग्रीस धुपतं आणि सांधा झिजतो. जुना एंड काढताना किती आटे फिरले ते मोजा, नवा तेवढाच बसवा, स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून असते ती) नवीनच घाला. नंतर चाकांचं अलाइनमेंट मात्र करायचंच, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील. रॅकचं मग बघू.