इंग्लंडमधली कौन्सिलं म्हाताऱ्यांच्या देखभालीपायी कंगाल होतायत म्हणे. मग घरच्यांनी बघायची आपली पद्धतच बरी नाही का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवेना, म्हणून लिहितेय. मी मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, एका कौन्सिलात (आपल्या महापालिकेसारखी स्थानिक संस्था) कामाला आहे. ज्यांना घरी मदत लागते त्यांच्यासाठी माणसं पुरवणारी एजन्सी शोधायची, वेळा आणि दर ठरवायचे, हे माझं काम.

इथे हॉस्पिटल फुकट आहे, देखभाल नाही. अंघोळ, कपडे, भरवणं, उठवून बसवणं हे सगळं कौन्सिलच्या खात्यात येतं आणि तुमच्याकडे २३,२५० पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असेल तर खर्च तुमचा तुम्ही करायचा. हा आकडा २०१० पासून जागचा हललेला नाही. त्याखालच्या माणसाची गरज निकषात बसली की २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे कौन्सिलला नाही म्हणता येत नाही. कायदा संसदेचा, पैसे मात्र कौन्सिलने उभे करायचे. २०१० नंतर लंडनहून येणारं अनुदान कापलं गेलं. २०१६ पासून देखभालीसाठी कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) थोडा जास्त वाढवायची मुभा मिळाली, पण तो टॅक्स घराच्या १९९१ च्या किमतीवर बसतो. जिथे घरं स्वस्त तिथे तो कमी जमतो आणि गरजू माणसं तिथेच जास्त.

मागे एका आजोबांची फाइल माझ्याकडे आली. बायको गेलेली, घर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) टोकाला, देखभालीसाठी दिवसातून चार भेटी हव्यात. हॉस्पिटलला बेड रिकामा करायचा होता. मी यादीतल्या एकेका एजन्सीला फोन लावत होते. एका एजन्सीच्या बाईंनी सरळ विचारलं, पंधरा मिनिटांच्या भेटीसाठी आमची मुलगी वीस मिनिटं गाडी हाकत जाणार, त्या वेळेचा पगार कोण देणार? त्यांचं काय चुकलं? एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं, मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याचा हप्ता) १५ टक्के झाला. त्याच वर्षी जुलैत परदेशातून नवे केअरर (देखभाल करणारे कामगार) आणायचा व्हिसाही बंद झाला. आम्ही एजन्सीला देतो तो दर त्या मानाने वाढला नाही.

आणि पंधरा मिनिटांत काय होतं? दाराजवळच्या नंबरच्या पेटीतून किल्ली काढायची, हातमोजे चढवायचे, पॅड बदलायचं, सुजलेल्या पायांत ते घट्ट लांब मोजे घालायचे (निम्मा वेळ त्यातच जातो), गोळ्या, चहा-टोस्ट, फोनवर नोंद आणि पुढच्या घरी पळायचं. म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर ते कुठल्या मिनिटात?

शेवटी एक एजन्सी मिळाली, पण सकाळची भेट अकराला. म्हणजे तोवर रात्रीच्या ओल्या पॅडमध्ये पडून राहायचं. त्यांच्या मुलीला ते बघवेना. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून ती वडिलांकडे राहायला आली. कौन्सिलचा खर्च वाचला आणि तो तिच्या पगारातून गेला.

नेमकं हेच आमच्या नाशिकच्या घरात झालं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी बालवाडीची नोकरी सोडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री गजर लावून उठायचं, पेज भरवायची, चादरी धुवायच्या, आणि हे वर्षानुवर्षं. इथे इंग्लंडात होइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) उचलायचा पेशंट असला तर एका वेळी सहसा दोन केअरर पाठवतात. जाऊबाई एकट्या उचलत होत्या. त्यांची कंबर आता कायमची गेली. इथल्या त्या मुलीला आठवड्याला ३५ तास देखभालीचे ८३.३० पौंड (२०२५-२६ चा दर) भत्ता तरी मिळतो. रक्कम अपमानास्पद आहे, पण ती काम करते हे कागदावर आहे. स्वतःला काय मदत हवी याची तपासणी मागायचा तिला हक्क आहे. जाऊबाईंच्या कामाची नोंद कुठेच नाही.

मोठे दीर आजही म्हणतात, 'आपल्याकडे आईचं करायला पैसे लागत नाहीत.' लागले होते. जाऊबाईंचा पगार लागला, त्यांचा फंड लागला, त्यांची कंबर लागली. तुमच्या प्रश्नातली 'आपली पद्धत' म्हणजे हीच, आणि ती स्वस्त वाटते कारण बिल सुनेच्या नावावर फाटतं.

कंगाल होण्याबद्दल: सगळं खापर म्हाताऱ्यांवर फोडू नका. खर्चाचा जवळपास निम्मा भाग ६५ च्या आतल्या अपंग माणसांसाठी जातो. बर्मिंगहॅम कौन्सिलने २०२३ मध्ये पैसे संपले म्हणून हात वर केले, त्यात फसलेली संगणकप्रणाली होती आणि समान वेतनाची थकबाकी होती. बायकांना तोडीच्या कामासाठी पुरुषांइतकं वेतन दिलं नव्हतं, ते देणं अंगावर आलं. लंडनजवळचं वोकिंग कौन्सिल बुडालं ते मालमत्तांसाठी काढलेल्या कर्जात. उपाय शोधायला सरकारने लुईस केसी यांचा आयोग नेमलाय, त्याचा शेवटचा अहवाल २०२८ पर्यंत येणार. माणसाने देखभालीवर स्वतः करायच्या खर्चाला कमाल मर्यादा घालायचं २०११ पासून चाललं होतं, ते २०२४ मध्ये गुंडाळलंच.

तुमच्या घरी आईवडिलांचं कोण करतंय ते मला माहीत नाही. बहीण किंवा बायको करत असेल तर दरमहा ठरावीक रक्कम तिच्या खात्यावर टाका, भावंडांत वाटून टाका, आणि आठवड्यातून एक दिवस तिला पूर्ण सुट्टी द्या. मृत्युपत्रात तिचं नाव आईवडिलांच्या हयातीतच घालून घ्या. नाशिकचा फ्लॅट विकला तेव्हा मी जाऊबाईंसाठी वेगळा हिस्सा मागितला होता. 'कर्तव्याचे पैसे मागता?' म्हणून मला गप्प बसवलं. दीर हे वाचतील तर वाचू देत. तो हिस्सा जाऊबाईंचा होता आणि अजूनही देता येतो.